इल्लि, इल्ला

पित्ताची पिशवी काढून अकरा वर्षं झाली.
तेव्हाचे म्हातारे सर्जन म्हणाले होते,
घोड्याला कुठं असते पिशवी, तरी पळतोच की.
मग मीही पळत राहिलो,
म्हणजे एका जागी उभा राहून
शहापुरात, पेठेमागच्या बोळात, पहाटे चारपासून
कढईत दूध हलवत राहिलो,
ते आटून, तपकिरी होऊन, कुंदा होईपर्यंत.

यंदा गणपतीच्या ऑर्डरी चालू असताना
उजव्या बरगडीखाली कुणीतरी
ओला पंचा पिळावा तसं झालं.
उलथनं हातात, मी खाली बसलेला.
आतनं काशव्वा आली. "काय झालं ओ?"
"दुखालंय."
"कुठं?"
आता काय सांगायचं.
जिथं काही ठेवलंच नाही, तिथं.

सोडा प्यालो. ओवा चावला.
हुडहुडी भरून ताप आला, तो हवेवर घातला.
मग गल्ल्यावरची सुगंधा म्हणाली,
"मामा, आरशात डोळे बघा की,
केशर सांडल्यागत दिसतायत."
लघवी कोऱ्या चहासारखी, अंगभर खाज.
मेव्हणा म्हणाला, खानापूरच्या पुढं एक जण आहे,
नाकात रस पिळतो, कावीळ उतरते.
काशव्वानं त्याला चहा दिला
आणि मला रिक्षात घातलं.

खिडकीवरच्या पोराला जुनी फाइल सापडेना.
तो "बेळगावी" टाकून शोधत होता,
माझे कागद "बेलगाम"मधले.
दवाखाना तोच, जिना तोच,
पायरीचा उडालेला टवकाही तोच,
पण संगणकाच्या हिशेबी
मी आजवर कधी आजारीच नव्हतो.

डॉक्टरीण पट्टणशेट्टी, हुबळीकडची,
माझ्या थोरलीच्या वयाची.
"एल्लि नोवु?"
मी हात ठेवला. "इल्लि." इथं.
तिनं जुने टाके चाचपले, पडद्यावर बघितलं,
नर्सला म्हणाली, "गॉल ब्लॅडर इल्ला." नाही.
एवढासाच फरक, इथं आणि नाही यांच्यात,
आणि त्या फटीत मी उताणा,
पंख्याची पाती मोजत.

मग मराठीत सांगितलं तिनं, मोडकं, पण सावकाश.
पिशवी काढताना देठाला क्लिपा लावतात.
त्यातली एक निसटली,
इतकी वर्षं सरकत सरकत नळीत उतरली,
तिच्याभोवती खडा धरला.
"खडीसाखर धरते दोऱ्याभोवती, तसा?"
ती पहिल्यांदा हसली. "हौद्री. तसाच."
"चूक कुणाची म्हणायची?" काशव्वा.
"अशी चूक नाही, अम्मा. क्वचित होतं."
"क्वचित म्हणजे आमच्यातच."

तोंडातून दुर्बीण गेली, खडा आला.
आत आता एक प्लास्टिकची नळी आहे,
तीन महिन्यांनी काढायची.
फाइलवर तांबड्या शाईत कन्नडमध्ये लिहिलंय, विसरू नका.
मला अक्षरं लागत नाहीत, रंग लागतो.
काशव्वानं दिनदर्शिकेवर गोल केलाय,
दुधाच्या हिशेबाच्या वर.

खडा मी मागून घेतला.
औषधाच्या बाटलीत, वेलदोड्याच्या डब्याशेजारी.
काळपट, मध्ये क्लिप,
बिलाला मारतो त्या पिनेएवढी.
गिऱ्हाईक विचारतं, काय ओ ते?
मी म्हणतो, नमुना.

तूप, खवा वर्ज्य. चव बघायची नाही.
मग कानानंच बघतो,
कढईचा आवाज जड झाला की उतरवायची.
अजून अधूनमधून चमकतं तिथंच.
नळी असेल. सवय असेल.

काल उलथनं धुवायला टाकण्याआधी
कडेची खरवड, नखाएवढी, जिभेवर ठेवली.
मोरीतनं काशव्वा, "खाल्लासा काय?"
तोंड बंद ठेवूनच म्हटलं,
"इल्ला."